गोठ्यातला स्पीकर

माझ्या फजितीच्या गोष्टी मी स्वतःच चार माणसांत रंगवून सांगतो. लोक हसतात, चहा पाजतात, वेळ बरा जातो. ही एक गोष्ट मात्र मी आजवर कुणालाच धड सांगितलेली नाही. बायकोला निम्मी माहीत आहे, गावाला त्याहून कमी.

मी मोटारी भरतो. विहिरीवरच्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची. चकलांब्याकडं जाणाऱ्या रस्त्याला फाट्यावर माझं दुकान आहे. गावात कुणाचा फ्यूज उडाला, कुणाचा पंखा कुरकुरला, की हाक मलाच येते. विजेच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असं मी समजतो, आणि गावही बऱ्यापैकी समजतं.

तीन वर्षांपूर्वी घरावर स्लॅब टाकला आणि बैठकीत मोठा टीव्ही आला. बायकोची मालिका ऐन रंगात आली की नेमकी भाकरी टाकायची वेळ व्हायची. पिठाच्या हातानं ती बैठकीच्या दारात येऊन उभी राहायची आणि तिकडं तव्यावर भाकरी करपायची. करपलेल्या भाकरी मलाच खाव्या लागायच्या, त्यामुळं उपाय शोधणं भाग होतं. गेवराईत एका साउंडवाल्याकडं लग्नांत वाजवून थकलेला अँप्लिफायर पडून होता, तो आणला. टीव्हीच्या पाठीमागून वायर काढून त्याला जोडली आणि तिथून घरभर फिरवली. एक स्पीकर स्वयंपाकघरात, एक आतल्या खोलीत, एक ओसरीत, प्रत्येकाला वेगळं बटण. मोरीत अंघोळ करतानासुद्धा बातम्या ऐकू यायला लागल्या. बायको खूश झाली. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण चौथा स्पीकर उरला होता, तोही चांगला भोंग्याचा. तो मी मागं गोठ्यात लावला. गाणी ऐकून म्हशी जादा दूध देतात, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. म्हशींनी तसं काही केलं नाही. एक म्हैस तर बातम्या लागल्या की पान्हाच चोरायची. खरं कारण निराळं होतं. घरात वाजलेलं घरातच राहतं, गोठ्यात वाजलेलं अख्ख्या आळीला ऐकू जातं. हे मी माझ्या हातानं केलंय हे आळीला कळावं, अशी मला फार हौस होती.

गोठ्याची आणि शेजारच्या अंगणाची भिंत एकच, छातीइतकी उंच. पलीकडं मामा-मामी राहायचे. नातं गावातलंच, रक्ताचं नाही. मामांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड घालून दोघं निघायचे, ते पावसाच्या तोंडाला परत यायचे. म्हातारपणी पंधरा-वीस मेंढरं ठेवून ते घरी बसले होते. बोलणं अगदी बेताचं. भोंगा लावून महिना झाला असेल, तेव्हा ते पहिल्यांदा भिंतीशी आले.

"भाऊ, तेवढं भोंग्याचं बघ. मेंढी व्यालीय. दचकतीया, पिलाला जवळच घेईना."

"लागंल की सवय, मामा. आमच्या म्हशीला न्हाई का लागली?" मी हसत म्हणालो.

ते "बरं" म्हणाले आणि गेले. त्या दिवशी मी आवाज कमी केला. दुसऱ्या दिवशी मॅच होती, परत वाढवला. मामा पुन्हा काही सांगायला आले नाहीत. आठवड्यानं भिंतीवरून पाहिलं, तर त्यांनी मेंढरांचा वाडा काट्याकुपाटीसकट उचलून अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेला होता. सत्तरी उलटलेल्या माणसानं ते एकट्यानं केलं होतं. आपण हात लावायला जावं असं माझ्या मनात आलं नाही. मिटलं एकदाचं, एवढंच वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात मामा वारले. सकाळी गेले, दुपारून माती झाली. धावपळीत मी सगळ्यांच्या पुढं होतो. लाकडं आणली, पाहुण्यांना फोन लावले, अंगणात मांडव घातला, खांदा दिला. घरी आल्याबरोबर टीव्हीचा प्लगसुद्धा आठवणीनं काढला. आमच्याकडं आळीत मयत झालं की तिसरा होईपर्यंत कुणी टीव्ही लावत नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पाळीनं पिठलं-भाकरी नेऊन देतात. पहिल्या दिवशी समोरच्या घरानं दिली. दुसऱ्या दिवशीची सांज आमची होती. ही पाळी म्हणजे नुसतं जेवण नाही. सुतकाच्या घरानं ज्याचं ताट माघारी लावलं, त्याचं त्या घराशी कायमचं तुटतं. मग लग्नाचं बोलावणं नाही आणि मयताला खांदाही नाही. माझ्या आठवणीत गावात असं एकदाच झालं, आणि ती दोन घरं आजही समोरासमोर आली की मान फिरवतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानातून घरी आलो. बायको शेजारी मामींजवळ बायकांत बसलेली होती. घरात कुणी नव्हतं, आणि मॅच शेवटाला आली होती, हे मला दुकानातच कळलं होतं. मी स्वतःची समजूत घातली, की आपण काही त्यांचे भाऊबंद नाही, आपल्याला सुतक नाही. आवाज बंद करून नुसता स्कोअर बघायला काय हरकत आहे? कुणाला दिसू नये म्हणून दार लावलं, खिडक्या लावल्या, उकडतं म्हणून कूलर लावला. प्लग घातला आणि रिमोटचं बटण दाबून टीव्ही मुका केला. आपण किती जपून वागतो आहोत, याचं मला कौतुकसुद्धा वाटलं.

आता जे सांगतो ते सांगताना मान खाली जाते, कारण माझा धंदाच विजेचा आहे. टीव्ही आणि अँप्लिफायर एकाच बोर्डावर होते. प्लग घातला की दोन्ही चालू. रिमोटनं टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो, मागच्या वायरीतून जाणारा आवाज जातच राहतो. हे मला माहीत होतं, मीच जोडलेलं होतं. घरातले तिन्ही स्पीकर बायकोनं बटणं दाबून बंद केले होते. गोठ्यातल्याचं बटण गोठ्यात, आणि ते कायम चालूच असायचं. आत कूलरच्या घरघरीत मी गादीवर मांडी घालून मुकी मॅच बघत होतो, आणि ती मॅच सगळीच्या सगळी मामींच्या अंगणात वाजत होती.

पाच-सात मिनिटं गेली असतील. दार धडाधडा वाजलं. उघडलं तर बायको, डोक्यावरचा पदर घसरलेला.

"अवो, बंद करा ते आधी!"

"आवाज बंदच हाय की."

"गोठ्यात जाऊन बघा!"

मी मागं पळालो. गोठ्याच्या दारातच तो आवाज अंगावर आला. स्टेडियमभर लोक ओरडत होते आणि बोलणारा बाबा कुणाच्या तरी षटकाराला आभाळात पोचवत होता. मी बटण दाबायचं सोडून वायरच उपसली. भिंतीपलीकडं पंचवीस-तीस बायका, सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. मधोमध मामी, आणि त्यांच्या गळ्यात पडलेली मामांची बहीण. ती नांदूरघाटाहून त्याच वेळी येऊन पोचली होती. भावाचं घर गाठून तिनं हंबरडा फोडला आणि वरून लोकांच्या टाळ्या.

हात जोडून माझं चुकलं म्हणायचं, एवढंच करायचं होतं. मी काय केलं? भिंतीवरून ओरडून सांगितलं, "लाईट गेल्ती, ती आली न् आपोआप चालू झालं!"

बोलता बोलताच मला त्यांच्या ओसरीतला पंखा दिसला. तो गरागरा फिरत होता, सकाळपासून फिरत होता. मी मान खाली घालून आत गेलो.

"मामी काय म्हणल्या?" मी बायकोला विचारलं.

"काय म्हणत्याल? त्यांचं रडणंच थांबलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्यांची नणंद म्हणत व्हती, ह्या घरचा घास माज्या भावाच्या घरात नगं."

बायकोनं तरीही भाकरी केल्या. त्या सांजंला तिनं तव्यावरून मान वर केली नाही. पिठलं झालं, ताट झाकलं, आणि मी म्हणालो, "तू जाऊन ये."

"तुमी बी चला. मी एकटी न्हाई जायची."

दोघं गेलो. अंगणात बायका तशाच बसल्या होत्या. बायकोनं ताट मामींपुढं ठेवलं. नणंदेनं एका बोटानं ते मागं सारलं.

"माघारी न्या. लाईट गेल्ती म्हणं! कवा गेल्ती? आमाला तर दिसली न्हाई."

माझी बायको रडायच्या बेतात आली होती. मी चपलांकडं बघत उभा होतो. तेव्हा मामी बोलल्या, दोन दिवसांत पहिल्यांदाच असाव्यात, आवाज पार बसलेला.

"गेल्ती लाईट. तू रडत व्हतीस, तुज्या ध्यानात न्हाई. त्येच्या गोठ्याला येगळा फेज हाय. त्यो जातो मधीच."

सगळ्या बायकांनी माझ्याकडं पाहिलं. गावात विजेचा शेवटचा शब्द माझा ना! मी मान हलवली. म्हणालो, "हां. येगळा फेज हाय."

मामींनी ताट स्वतःकडं ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. मग घरातल्या बाकीच्याही जेवल्या. नणंद उठून आत गेली, पण ताट माघारी आलं नाही.

पुढचे दिवस मी एका वेगळ्याच नशेत काढले. केवढं मन म्हणायचं त्या बाईचं! नवरा जाऊन जेमतेम दुसरा दिवस, आणि तिला माझी अब्रू राखायचं सुचलं. मी दुसऱ्याच दिवशी गोठ्यातला भोंगा काढला. बायकोला रोज सांगायचो, माणुसकी बघायची तर मामींची बघावी. ती नुसती ऐकून घ्यायची. लाज वाटत नव्हती असं नाही, पण त्या लाजेत आपल्याला माफी मिळाल्याचं सुखच जास्त होतं, हे आता कळतं. तेराव्याला पंगतीत मी वाढायला होतो, पुन्हा सगळ्यांच्या पुढं.

पाहुणे गेल्यावर मी एका सकाळी मामींकडं गेलो. एकदा कबूल करून टाकावं, त्यांचे पाय धरावेत, असं ठरवून गेलो होतो. खरं सांगायचं तर, असू दे बाबा, असं त्यांच्या तोंडून ऐकायला गेलो होतो. त्या ओसरीत ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"मामी, त्या दिशी लाईट गेली न्हवती. म्याच लावलं व्हतं. मॅच बघत व्हतो."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही.

"येगळा फेज बी न्हाई गोठ्याला."

"त्ये बी म्हाईत हाय."

"मग कावून सांभाळून घेतलंत मला?"

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. माझ्यासाठी तिथं काहीच नव्हतं.

"तुला कशाला सांभाळू, बाबा? मला भूक लागल्ती. पयल्या दिशी घासच उतरला न्हाई. दुसऱ्या सांजंला तुज्या घरच्या भाकरीचा वास आला, न् पोटात नुसती आग पडली. माजीच मला लाज वाटली. नवरा जाऊन दोन दिस न्हाई झाले, न् मी भाकरीकडं बघतीया. तुजं ताट माघारी गेलं असतं, तर दुसरं कोण करून आणणार व्हतं? न् मी कोणत्या तोंडानं मागणार व्हते?"

त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं.

"त्ये गेल्याच्या दुसऱ्याच दिशी खोटं बोलले मी," त्या म्हणाल्या. "अर्ध्या भाकरीपायी."