यशोधराला ठाऊक नसलेले पासवर्ड

एकतीस वर्षं मी राहुरीजवळच्या एका कॉलेजात हेडक्लार्क होतो. विष्णुपंत म्हणजे कडक, कुणालाही विचारा. आमची पद्धत अशी, की प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली पाकिटात घालायची, लाखेचं सील मारायचं आणि पाकीट माझ्या कपाटात ठेवायचं. परवानगीशिवाय एकही पाकीट कधी फुटलं नाही, याचा मला केवढा तोरा!

१९९८ साली यशोधरा आली. वडील सहादू साखर कारखान्यात कामगार, पोरीकडे कॉम्प्युटरची पदवी, नेमणूक वर्षाच्या करारावर. तिने गुण भरायचं वेबपेज तयार केलं. प्राध्यापकांनी लॅबमध्ये बसायचं, आपापला पासवर्ड टाकायचा आणि आपल्या विषयाचे गुण भरायचे. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांकडून पासवर्ड चिठ्ठ्यांवर लिहून घेतले आणि पाकिटं सील केली. "काका, हे नका करू," ती म्हणाली. मी तिला झापलं. काल आलेली पोर मला ऑफिस शिकवणार!

ती रागावली नाही. मला खुर्ची दिली. "मशीनमध्येसुद्धा पासवर्ड ठेवलेले नाहीत. बघा." तिने दोन खोटी नावं तयार केली, दोघांना एकच शब्द पासवर्ड म्हणून दिला आणि फाइल उघडली. अगम्य अक्षरांच्या दोन ओळी, आणि एकीचा दुसरीशी काडीचाही मेळ नाही! प्रत्येक पासवर्डात मशीन आधी वेगवेगळी दोन अक्षरं मिसळतं, त्याला मीठ म्हणतात, आणि मग ते सगळं दळून काढतं. पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत, तसा त्या ओळीवरून शब्द परत मिळत नाही.

"अगं, मग खरा माणूस ओळखतं कसं?"

"त्याने टाकलेला शब्द तेच मीठ घालून पुन्हा दळायचा. पीठ जुळलं तर आत घ्यायचं."

माझ्या अंगावर काटा आला. जन्मभर मी लोकांची गुपितं सांभाळली होती, पण गुपित जवळ न ठेवताही ओळखता येतं, हे कधी स्वप्नातही आलं नव्हतं. किती तरी वेळ मी त्या दोन ओळींकडे नुसता बघत बसलो. पाकिटं मात्र कपाटातच ठेवली. खोड जाते होय!

मार्चमध्ये संस्थेचे सेक्रेटरी सूर्यभानराव ऑफिसात आले. त्यांचा भाचा गणितात नापास होता आणि गणिताचे गोरक्षनाथ सर गुण बदलायला तयार नव्हते. सर त्या दिवशी मुलांना घेऊन भंडारदऱ्याला गेले होते.

"गोरक्षनाथचा पासवर्ड सांग," ते यशोधराला म्हणाले.

"मला माहीत नाही, साहेब. नवा घालता येईल, पण मग सरांचा चालणार नाही. त्यांना लगेच कळेल."

"ते नगं. समदं तूच केलंय, मंग ठावं न्हाई म्हंजी काय? सांजच्यापातुर सांग, न्हाईतर उद्यापासून घरी बस."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "खरंच माहीत नाही," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. सूर्यभानराव माझ्याकडे वळले. "पंत, तुमच्याकडं पाकीट असंल की."

आणि मी दिलं. माझ्याच हाताने सील फोडून दिलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, एवढंच कारण. आजही सांगताना लाज वाटते.

त्यांनी चिठ्ठीवरचा शब्द टाकला. मशीनने नाकारला. परत टाकला, परत तेच.

"काकांनी चिठ्ठ्या घेतल्या, त्याच दिवशी मी सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले," यशोधरा हळूच म्हणाली.

सूर्यभानराव शिव्या देत निघून गेले. भाच्याचे गुण तसेच राहिले. मे महिन्यात तिचा करार संपला, तो पुन्हा झाला नाही. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

शेवटच्या दिवशी ती टेबल आवरत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "पोरी, खरं सांग. तुला पासवर्ड माहीत असता, तर त्या दिवशी दिला असतास?"

"दिला असता, काका," ती म्हणाली. "मी फार भित्री आहे, मला ठाऊक आहे ते. म्हणून तर स्वतःला माहीतच होऊ दिला नाही."