आरपार देवळी

माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे आणि शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा चुकलेल्या वेलांट्या पोटात घालाव्यात. पण माझ्या थोरल्या दिरांइतकं दगडावर जीव लावणारं माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरं नसेल, हे लिहिताना मात्र माझा हात अडखळत नाही.

सेनगावच्या रस्त्याला आमचं शेतातलं घर आहे. अशा घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. विहीर खोदताना निघालेल्या काळ्या दगडांतून दिरांच्या आजोबांनी ते बांधलं. राहायच्या दोन खोल्या, त्यांना लागून गोठा, पलीकडे कडब्याची खोली, वर पांढऱ्या मातीचं सपाट छत, म्हणजे माळवद. दीर सकाळी उठले की देवाच्या आधी भिंतीला हात लावायचे. माळवदावर कुणी चपला घालून चढलं तर दिवसभर त्या माणसाशी अबोला. पुतण्यासाठी औंढ्याकडे मुलगी पाहायला गेले, तर पोहे ठेवून घराच्या मागच्या बाजूला निघून गेले. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, पोरगी कशी आहे? म्हणाले, "पोरगी पाहायची राहिली. पण कोपऱ्याचे दगड बराबर एकात एक गुंतवलेत. बाप सबुरीचा माणूस हाय, करून टाका." लग्न झालं आणि सुखाचंही झालं.

थोरल्या दिरासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत. त्यात मी मुलखाची लाजाळू. पण स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामधल्या भिंतीत एक देवळी आहे, म्हणजे कोनाडा, पण आरपार. तिच्यात दिवा ठेवला की उजेड दोन्हीकडे पडतो. दीर गोठ्यातून कपिला गाईला सांगायचे, "कपिले, चहा झाला का इचार बरं." मी अलीकडून पातेल्याकडे तोंड करून म्हणायची, "उकळून राहिला." मग कप देवळीत. बिचारी कपिला वकिलासारखी मधे उभी. खालचे दगड मोठे का, भिंत किंचित आत झुकलेली का, हे सगळं ते तिलाच समजावत. ती रवंथ करी. मी भाकरी थापत ऐके. वीस-बावीस वर्षं आमचं बोलणं असं चाललं; एक कपिला गेली की तिच्या कालवडीला तेच नाव.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी ओट्याचं, फरशीचं मोठं स्वयंपाकघर करायला काढलं. मधली भिंत पाडायची, गोठा आत घ्यायचा आणि गाईंना बाहेर पत्र्याचं शेड. गवंडी पहार घेऊन आला. मला वाटलं, आता दीर भिंतीला मिठीच मारतील. त्यांनी भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग भावाला म्हणाले, "पाड. घरच्या बाईला धुराची तकलीफ हाय. डोळे लाल होऊन राहिले तिचे. दगड काय, पुन्यांदा रचता येतात." आणि पाठ फिरवून उभे राहिले.

माझे डोळे लाल होतात हे देवळीतून दिसत असेल, असं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. मी डोक्यावरचा पदर ओढला आणि गोठ्यात गेले. "भाऊजी," मी म्हणाले, "न्हाई पाडू द्यायची. तुळई ह्याच भिंतीवर टेकली हाय. ही गेली तर माळवद खाली येईल. तुमीच सांगितलं व्हतं कपिलेला."

गवंड्यानं पहार खाली ठेवली. आमचे हे तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिले. तुळईचं कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. दिरांनी वळून पाहिलं नाही. गाईच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ऐकलंस कपिले? शिकवलं तुला, ध्यान दिलं दुसऱ्यानंच."

भिंत राहिली. दिरांनी स्वतः वर चढून चुलीवर धुराडं बसवलं.

आता गुडघ्यांच्या इलाजासाठी ते हिंगोलीला लेकीकडे असतात, तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या भिंती टकटक केल्या की डब्यासारख्या वाजतात म्हणे. दिवेलागणीला त्यांचा फोन येतो. ह्यांच्याशी शेताचं बोलून झालं की म्हणतात, "फोन देवळीत ठेव."

मी चुलीपाशी पाठमोरी बसते. मागून आवाज येतो, "कपिले, डोळे कसे हाईत इचार."

"बरे हाईत म्हणावं," मी पातेल्याला सांगते. फोनचा उजेड दोन्हीकडे पडलेला असतो.