आमची म्हैस आणि तिचं अस्वल

युवक महोत्सवातल्या व्यंगचित्र स्पर्धेला सोलापूरच्या आमच्या कॉलेजातून एकच जण जाणार होता. ती जागा मला हवी होती. घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. माझी कशासाठी तरी निवड झाली, एवढं मला गावी, वैरागला, घरी फोन करून सांगायचं होतं.

निवडीसाठी विषय होता हवामान बदल. मी आमची म्हैस काढली. आटलेल्या तळ्यात उभी, पाठीवर ओलं पोतं. शिंगं, खूर, कपाळावरचा पांढरा ठिपका, सगळं बरोबर. माझ्या मैत्रिणीनं, ती सोलापूरचीच, वितळत्या बर्फावरचं पांढरं अस्वल काढलं. गळ्यात टॉवेल, हातात उसाच्या रसाचा ग्लास.

निवड करणारे सर तिचं चित्र बघून खळखळून हसले. मग माझ्याकडे वळले. "म्हैस छान आहे गं. पण म्हणतेय काय ती?"

"काही नाही, सर. म्हैस आहे ती."

वर्ग हसला. निवड अस्वलाची झाली. जे तिनं फक्त टीव्हीवर पाहिलं होतं, त्याची.

आठवड्यानं ती वही घेऊन माझ्याकडे आली. "अगं, या वेळी आपल्याकडचं जनावर काढावं म्हणते. म्हैस खाली बसते तेव्हा पाय कसे घेते गं?"

आधी पुढचे गुडघे टेकते, मग मागचं अंग सोडते. मला हे लहानपणापासून माहीत आहे. मी म्हणाले, "लक्षात नाही गं."

"तुमच्या घरी आहे की!"

"नीट बघितलं नाही कधी."

तिला ते खरं वाटलं.

महोत्सव बघायला कॉलेजच्या बसमधून मीही गेले. तिथं विषय निघाला पाणीटंचाई. तिनं टँकरच्या रांगेत म्हैस बसवली. बायकांच्या मधोमध, पाय पसरून, मांडीवर घागर. लोक थांबून थांबून हसत होते. मलाही हसू आलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

"पाय जमेनात, म्हणून बाईसारखी बसवली," ती खुशीत म्हणाली.

"म्हैस अशी बसत नाही," मी पटकन बोलले. "आधी पुढचे गुडघे टेकते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"निवड तुझी झाली होती म्हणून."

येताना बसमध्ये ती दोन सीट पुढं जाऊन बसली. तिच्या शेजारच्या मुली मोबाईलवर त्या म्हशीचा फोटो बघून पुन्हा हसत होत्या. मला तिची माफी मागायची होती. पण हेवा अजून गेला नव्हता, म्हणून मी जागची उठले नाही.