आईचं माहेरपण हॉटेलात

माझी आई हट्टी होती. तिच्या हट्टाला पुरून उरायचं तर तिच्याच शास्त्रात पळवाट शोधावी लागते, हे कळायला मला लग्नानंतर अकरा वर्षं लागली.

तिचं शास्त्र असं, की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आमच्या सांगलीकडे जुन्या बायका हे पाळत. बहुतेकींच्या लेकींना वर्षा-दोन वर्षांत मूल होई आणि आई पुरणपोळीवर आडवा हात मारायला मोकळी. मला मूल झालं नाही. आम्ही दोघंही बंगलोरला सरकारी कारखान्यात नोकरीला, घर मल्लेश्वरमात. डॉक्टर झाले, उपास झाले, नवस झाले. चाळिशी जवळ आली तशी मी त्या सगळ्यातून बाहेर पडले, आणि खरं सांगते, बरी होते. आईचं पाणी मात्र अडलं ते अडलंच.

त्याआधी ती एकदाच आली होती. गाडीतून उतरली तेव्हा एका हातात दशम्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या. चार दिवसांचा मुक्काम आणि डबा दोन दिवसांचा. तिसऱ्या दिवशी ती शेजारच्या अक्कांकडे जेवायला गेली. अक्का कन्नड, आईला कन्नडचा गंध नाही, तरी दोघींचं मेतकूट असं जमलं की विचारू नका. मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आमटीचं पातेलं घेऊन उभी, आणि भिंतीपलीकडे माझी सख्खी आई अक्कांच्या हातचा बिसीबेळे भात मागून मागून घेतेय. वर मला हाक मारून सांगते, "अगं, फार छान झालाय."

मी इतकी चिडले की तिला स्टेशनवर पोचवायलासुद्धा गेले नाही. नवऱ्याला पाठवलं. त्यानंतर सहा वर्षं ती आली नाही आणि मीही 'ये' म्हटलं नाही. सुट्टीत मीच सांगलीला जायचे, तिच्या हातचं खायचे, आणि येताना डोळे पुसत गाडीत बसायचे. मला एकदा, एकदाच, तिला पोटभर वाढायचं होतं.

पळवाट सापडली ती ऑफिसच्या कामातून. कारखान्यात बाहेरगावचे एक साहेब आले होते, त्यांना नकाशांची गुंडाळी नेऊन द्यायची होती. ते उतरले होते कंटोन्मेंटातल्या एका जुन्या बंगलेवजा हॉटेलात. आमच्याकडे येणारे पाहुणे लालबाग, विधानसौध आणि म्हैसूरची बस एवढ्यातच दमत. या बाजूला कोणी फिरकत नसे. आत शिरले तर मोठमोठे पर्जन्यवृक्ष, लाल फरशीचा लांबच लांब व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, आणि कुठे म्हणून आवाज नाही. एका खुर्चीत एक म्हातारी मडम पाय वर घेऊन चहा पीत बसली होती. तिच्या जागी मला आई दिसली.

त्याच संध्याकाळी मी एसटीडी बूथवरून सांगलीला फोन लावला.

"आई, हॉटेल म्हणजे कुणाचं घर?"

"कुणाचंच नाही. का?"

"मग तिथलं पाणी लेकीच्या घरचं होत नाही ना?"

आई पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली. उत्तर तपासल्याशिवाय खूण करायची नाही. शेवटी म्हणाली, "नाही होत. पण एवढं कशाला गं?"

"मला हवंय म्हणून," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला, कारण पुढे बोलले असते तर रडले असते.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसून लोटपोट. "घर मल्लेश्वरमात आणि सासूबाईंचा उतारा कंटोन्मेंटात! लोक म्हणतील जावयाने हाकलून दिलं." मी म्हटलं, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत, तू तीन दिवस तुझा वरण-भात लावून खा.

फेब्रुवारीचे दिवस होते. सकाळी स्वेटर, दुपारी पातळ सावली, आणि रस्त्यांवर त्या बिनपानांच्या झाडांचा गुलाबी फुलोरा. आईला स्टेशनवरून थेट हॉटेलात नेलं. डबा आणि फिरकीचा तांब्या या खेपेलाही होताच. "असू दे, वाटेत लागतं," म्हणाली. खोलीत शिरल्यावर ती आधी पलंगावरच्या पांढऱ्या चादरीकडे बघत राहिली, मग हळूच तिची एक सुरकुती सारखी केली.

मी खाली जाऊन रजिस्टरमध्ये नाव लिहून येते तो आई न्हाणीघरात, आणि नळ धो धो चालू. टबात गळ्यापर्यंत पाणी भरलेलं, बादली भरलेली, आणि आई तांब्या भरतेय.

"पाणी आलंय तोवर भरून ठेवलं," ती समाधानाने म्हणाली. "टाकी मोठी आहे हो यांची."

मीही तिचीच लेक. मल्लेश्वरमात आमच्याकडे एक दिवसाआड पाणी यायचं; भरलेलं पिंप बघितल्याशिवाय मला झोप लागत नसे. क्षणभर मलाही वाटलं, बरं झालं. मग भानावर आले आणि तिला सांगितलं की इथे पाणी जात नाही, आणि ती टाकी नाही, तिच्यात बसून अंघोळ करायची असते.

"पाण्यात बसायचं? म्हशीसारखं?"

"म्हशीसारखंच."

त्या दिवशी ती टबाशेजारी पाटासारखी बादली उपडी घालून बसली आणि टबातलं पाणी तांब्याने घेऊन अंघोळ केली. दुपारी दोनदा उठून नळ सोडून बघून आली. पाणी येत होतं. "येतंय अजून," प्रत्येक वेळी मला सांगायची, जणू शेजारी कुणाकडे पाहुणा टिकून राहिलाय.

चहा घेऊन आला तो वेटर साठीच्या घरातला, पांढऱ्या मिशांचा. ट्रेमध्ये किटली, किटलीवर भरतकामाचं टोपडं, पातळ कप, बिस्किटं. आई ताडकन उठली आणि त्याच्या हातातला ट्रे घ्यायला गेली.

"तुम्ही बसा की अम्मा," तो चक्क मराठीत म्हणाला. "का उठता? स्वल्प दम घ्या. मी घालतो चहा."

आईला कोण आनंद! तुम्ही कुठले, गाव कुठलं, सगळं विचारून झालं. "कुठलं गाव अम्मा? चार पिढ्या हितंच की. घरात मराठी, भाईर कन्नड. देव तेवढा तुळजापूरचा." त्याने चहा ओतला. आई खुर्चीच्या टोकावर, उठायच्या तयारीत. त्याने पावती माझ्यापुढे धरली, मी सही केली.

"सही कसली?" तो गेल्यावर आईने विचारलं.

हॉटेलात जे मागवू त्यावर सही करायची आणि शेवटी सगळं आपण भरायचं, हे तिला सांगायचं नव्हतं; लेकीने भरलेलं म्हणजे लेकीचंच अन्न झालं असतं. "हजेरी असते," मी म्हटलं. "पाहुणे खोलीत आहेत की नाही याची."

"बरं," आई म्हणाली आणि चहाचा पहिला घोट घेतला. माझ्या शहरात, माझ्या समोर. मी खिडकीबाहेर बघितलं, उगाच झाडं मोजल्यासारखं करत.

पुढचे दोन दिवस आम्ही काहीही केलं नाही, आणि तेसुद्धा इतकं मन लावून, की आजही आठवलं तर अंगावर मूठभर मांस चढतं. "आज काय बघायचं?" सकाळी आई विचारी. "काही नाही," मी म्हणे. पहिल्या दिवशी तिला हे पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती व्हरांड्यातल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली, त्या मडमेसारखीच, आणि माळ्याला खुणांनी सांगून बागेतली फुलं बघून आली. लोण्याबरोबर संत्र्याच्या सालीचा मुरंबा दिला तो तिने तीनदा मागून घेतला. "कडवट आहे, पण चटक लावतो," म्हणाली. जेवायला मी तिला आग्रह करकरून वाढलं. वेटर वाढायला आला की मी डाव त्याच्या हातातून काढून घ्यायचे. तो आईकडे बघून म्हणायचा, "सरी, बरं का अम्मा, तुमची लेक मला कामावरनं काढणार." हसून हसून आईला ठसका लागे. आणि मी मनात म्हणे, घे, अजून घे, अकरा वर्षांचं राहिलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती न्हाणीघरात गेली आणि दाराला कडी लावली. पाऊण तास झाला, आवाज नाही. मी घाबरून दार वाजवलं.

"काय आहे?" आतून शांत आवाज.

"काही नाही. काय करतेस?"

"म्हैस झालेय. जा तू."

मी पलंगावर पडून पोट धरून हसले. आत ती गुणगुणत होती. वडील गेल्यापासून मी तिचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं.

निघायच्या सकाळी आम्ही व्हरांड्यात चहा घेत होतो. गाडी संध्याकाळची होती. जाताना घरी जाऊन जावयाला भेटायचं, एवढं ठरलेलं. वेटरने शेवटची पावती आणली. मी सही केली. तो गेल्यावर आई म्हणाली, "किती सह्या झाल्या तुझ्या?"

"कसल्या?"

"हजेरीच्या." कप बशीत ठेवला तिने. "पस्तीस वर्षं हजेरी घेतली मी. मला हजेरी शिकवतेस? जिथं खाल्लं तिथं सही. पहिल्या कपालाच कळलं मला."

माझा चेहरा उतरला. "मग घेतलास कसा तो कप?"

आई बागेकडे बघत होती. "सही करताना तुझी नजर माझ्या कपावर होती," ती म्हणाली. "म्हटलं, आता जर मी कप खाली ठेवला तर ही पोर पुन्हा सहा वर्षं बोलवायची नाही."

मग ती अगदी हळू म्हणाली, "शास्त्राचं एवढं नव्हतं गं. मला वाटायचं, मी तुझ्या घरचं पाणी घेतलं म्हणजे मी आशा सोडली असं होईल. निदान आईनं तरी सोडू नये, म्हणून धरून बसले."

"मी केव्हाच सोडली आई. आणि मी सुखात आहे." हे मी तिला याआधी कधी सांगितलंच नव्हतं. भांडले होते, रुसले होते, पण हे साधं वाक्य राहूनच गेलं होतं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं, वर्गात बघायची तसं, पोरगी खरं बोलतेय की नाही ते. "दिसतेस खरी," म्हणाली. "मग मी कुणासाठी तहानलेली बसले होते?"

आम्ही दोघी एकदम हसलो. मी थोडी रडलेही, पण हसणं जास्त होतं.

रिक्षाने मल्लेश्वरमात आलो. नवरा दारातच उभा, 'या, पाहुण्या बाई' म्हणत. आईने नळावर पाय धुतले आणि बाहेरच्या खोलीत न बसता सरळ स्वयंपाकघरात गेली, जिथे त्या खेपेला चार दिवसांत तिने पाऊलही टाकलं नव्हतं. ओट्याकडे, मांडणीवरच्या डब्यांकडे, कोपऱ्यातल्या पिंपाकडे बघितलं. मग पाट ओढून बसली.

"पाणी दे," ती म्हणाली.

मी पिंपातून तांब्या भरला. अर्धं पाणी माझ्या पायावर सांडलं. आईने उरलेलं एका दमात संपवलं आणि तोंड पुसलं. मग मी चहा केला. तोही ती प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि म्हणाली, "हॉटेलातला बरा होता." असा राग आला मला, आणि इतकं बरं वाटलं, की मी काही न बोलता तिचा कप पुन्हा भरला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून अक्कांची हाक आली. आई आल्याचं त्यांना कळलं होतं. "अम्मा, ऊटक्के बन्नी," जेवायला या, असं त्या नेहमीच्या मायेने बोलावत होत्या.

आई उठून खिडकीशी गेली. सहा वर्षांपूर्वी अक्कांकडून शिकलेले कन्नडचे दोनच शब्द तिच्याजवळ शिल्लक होते. ते तिने मोठ्याने, चुलीकडे हात करून सांगितले. "ऊट इल्ले." जेवण इथेच.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आमटी जरा जास्त टाक. त्यांनाही पातेलंभर देऊन येऊ."