ताईच्या जॅकेटचा वास

पॅसेजमधला इन्व्हर्टर जळला तेव्हा नशिबाने आई खाली भाजी घ्यायला गेली होती. फोन आल्यावर मी ऑफिसातून, स्वारगेटहून, रिक्षा करून कर्वेनगरला पोचले, तोवर सोसायटीतल्या लोकांनी आग विझवलीही होती. आग वीतभर, पण धूर घरभर. भिंती, छत, पडदे, सगळ्यावर काजळी. आई शेजारच्यांच्या सोफ्यावर चहा पीत बसली होती. मला पाहून म्हणाली, "आलीस? ताईचं जॅकेट खराब झालंय बघ."

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. लग्न झाल्यापासून कॅनडात. जॅकेट स्वेडचं, म्हणजे चामड्याच्या आतल्या, मऊ लव असलेल्या बाजूचं. मागच्या खेपेला ते बॅगेत मावेना म्हणून ती टाकून गेली. आईने मात्र ते पॅसेजमधल्या कपाटात असं टांगलं, जणू ताई संध्याकाळी येऊन घालणार आहे. त्याच कपाटात माझी लग्नातली पैठणीही होती. तिचं काय झालं विचारलं, तर म्हणाली, "तिला काय होतंय? टाक ड्रायक्लीनला."

आमच्या घरात कशावरही काहीही पडलं तरी पहिला उपाय म्हणजे ओलं फडकं. मी यायच्या आधी आईने धुरात शिरून जॅकेटची एक बाही त्याच फडक्याने खसाखसा पुसली होती. वरवर बसलेली काजळी पाण्याबरोबर आत मुरली आणि बाहीवर काळा पट्टा उमटला. कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनरने जॅकेटला हातसुद्धा लावला नाही. "धुराचं, त्यात पाणी लावलेलं. न्या परत."

मग ते मीच साफ करायचं ठरवलं. ताईच्या प्रेमापोटी मुळीच नाही. दर रविवारी ताईचा व्हिडिओ कॉल येतो, त्याच्यासाठी आई ठेवणीतली साडी नेसते. मी रोज संध्याकाळी येते, तेव्हा तिच्या अंगावर गाऊन असतो. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! मला मत्सर वाटत होता. मला एवढंच हवं होतं की एकदा, फक्त एकदा, आईने त्या कॉलवर ताईला माझं कौतुक सांगावं.

व्हिडिओ पाहून पाहून शिकले. आधी व्हॅक्यूमचं तोंड जॅकेटला न टेकवता वरून फिरवायचं, नाहीतर काजळी आत दाबली जाते. मग कोरड्या रबरी स्पंजने नुसतं टिपायचं, घासायचं नाही. स्पंज काळा झाला की तेवढा थर कापून टाकायचा. बाहीवरच्या पट्ट्याला आधी खोडरबर, मग पांढऱ्या व्हिनेगरचा अगदी निसटता हात. वाळलं की ब्रशने लव उभी करायची. आई शेजारी खुर्ची टाकून बसायची. "हळू गं, तुझा हात जड आहे." याच जड हाताने पाय चेपलेले मात्र तिला चालतात.

शेवटी धुराचा वास जावा म्हणून जॅकेट खायच्या सोड्याच्या वाटीबरोबर खोक्यात बंद केलं, मग सावलीत वाऱ्यावर टांगलं. असं बरेच दिवस चाललं. पट्टा गेला, लव उभी राहिली. दुकानातून आणल्यासारखं झालं ते.

रविवारी आईने कॉलवर जॅकेट उंच धरून दाखवलं. मी मुद्दाम शेजारी बसले होते.

"अगं आई, टाकून दे ना ते," ताई हसली. "मला आता होतसुद्धा नाही."

आईही हसली आणि तिला तिकडच्या थंडीबद्दल विचारू लागली. माझं नाव निघालंच नाही. कॉल संपल्यावर तिने जॅकेटच्या कॉलरमध्ये तोंड खुपसलं. बराच वेळ वर काढलं नाही.

"वास गेला," ती म्हणाली.

"धुराचा? जायलाच हवा होता. एवढी राबले मी."

"तिचा. दुपारी एकदा घ्यायचे. धुरानंतरही कॉलरला जरासा उरला होता."

मनात आलं, मी मेले तर ही माझ्या कुठल्या कपड्यात तोंड खुपसेल? त्याच तिरीमिरीत, निघताना माझी ओढणी तिच्या दारामागच्या खुंटीवर अडकवली आणि विसरल्याचं सोंग करून घरी आले. दिवसभर अंगावर वागवलेली ओढणी होती ती. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले नाही.

तिसऱ्या दिवशी गेले, तर खुंटी रिकामी. आईने स्वयंपाकघरातून पिशवी आणून हातात दिली. आत ओढणी, धुतलेली, इस्त्री केलेली, चौकोनी घडी घातलेली.

"विसरली होतीस," ती म्हणाली. "धुऊन टाकली. घामाचा वास मारत होती."