तुर्कस्तानच्या पायऱ्या आणि नणंदेचे गुडघे

“चप्पल काढायची का नाही, तेवढंच सांगा ना वहिनी! बाकीचं राहू द्या!”

माझी नणंद आमच्या रायपूरच्या गच्चीवरून इतक्या जोरात ओरडली की समोरच्या इमारतीवरची कबुतरं उडाली आणि माझ्या अंदाजाने थेट ओडिशात जाऊन बसली. तिच्या हातात सोऱ्या, सोऱ्यात गव्हाचा गरम चीक, आणि प्लास्टिकवर अर्धी पडलेली कुरडई. मी चिकाचं दुसरं पातेलं घेऊन जिन्यात होते.

“काढायची नाही!” मी खालूनच ओरडले. “काढशील तर भाजशील!”

“पण मंदिर आहे ना ते?”

“आहे. पण छप्पर नाही, देव नाही, पुजारी नाही. नुसते खांब उभे आहेत समुद्राकडे तोंड करून.”

“मग मंदिरच झालं ना बाप्पा! देव गेला म्हणून दगडाले काय माहीत?”

आम्हालाही तेच वाटलं होतं. नागपूरहून निघालेला आमचा जथा तुर्कस्तानातल्या त्या किनाऱ्यावर पोचला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. गाइडने ‘टेंपल’ म्हटलं आणि आमच्यातल्या सगळ्यांनी, कुणी कुणाला न सांगता, कठड्यापाशी चपलांची रांग लावली. आत पाऊल टाकलं मात्र! तो संगमरवर असा तापला होता की त्यावर पोळी टाकली असती तर फुगून वर गेली असती आणि विमानांना तिला वळसा घालून जावं लागलं असतं. पण आत शिरलोच आहोत तर प्रदक्षिणा सोडायची कशी? म्हणून आम्ही उड्या मारत प्रदक्षिणा घातली. पहारेकऱ्याने शिटी फुंकली. आमचे हे आयुष्यभर रेल्वेत गार्ड, शिटी ऐकताच यांचा हात आपोआप वर गेला, हिरवी झेंडी धरल्यासारखा. म्हणजे आम्हाला वाटलं, चालू ठेवा. एक जर्मन बाई तर हे काहीतरी प्राचीन नृत्य आहे समजून सँडल काढून आमच्या मागे लागली. ती अजून तिथेच उड्या मारत असेल.

“खरं का रे दादा?” नणंदेने विचारलं.

हे पाण्याच्या टाकीच्या सावलीत पेपर घेऊन बसले होते. कावळे हाकलायची ड्यूटी यांच्याकडे होती.

“हव,” हे म्हणाले. यांचं ‘हव’ म्हणजे होही असतं आणि मला त्रास देऊ नका, असंही असतं.

तर असं आहे की परदेश मी एकदाच पाहिला. पण रायपुरातल्या आमच्या मराठी घरांतून कुणीही परदेशी निघालं की पासपोर्ट नंतर काढतात, आधी माझ्याकडे येतात. ब्राह्मणपाऱ्यातून येतात, गुढियारीतून येतात, नव्या रायपूरच्या मोठ्या ऑफिसांतली शिकलेली पोरंसुद्धा येतात. मी कुणाला विन्मुख पाठवत नाही. अवशेष बघायचे तर दार उघडताच जा, नाहीतर ऊन कलल्यावर. मधल्या वेळेत तिथे सरडेही फिरकत नाहीत. जुना संगमरवर पायांनी घासून घासून आरशासारखा झालेला असतो, तळव्याला पकड असलेलेच बूट घाला. किनाऱ्यावर वाळू असेलच असं नाही, गोटे असतात, त्यासाठी रबरी चप्पल वेगळी ठेवा. हॉटेलवाले सकाळी मध, ऑलिव्ह, काकडी, पांढरं चीज असं सगळं मांडतात. लाजू नका, दुपारचंही तेव्हाच खाऊन घ्या. सोबत जवसाची चटणी आणि बेसनाची कुरकुरीत ठेठरी असू द्या. आणि जो प्रश्न प्रत्येकजण शेवटी, आवाज खाली आणून विचारतो, त्याचं उत्तर मी न विचारताच देते: तुर्कस्तानात संडासात पाण्याची सोय असते, निश्चिंत जा.

एवढं झालं की मी समुद्रावर येते.

आम्हा रायपूरच्या लोकांचा समुद्र म्हणजे पुरी. रात्रभर गाडीत बसायचं, सकाळी लाटेने उचलून आपटायचं, नाकातोंडात वाळू घेऊन परत यायचं. तिथला समुद्र तसा नव्हता. तो कुणाच्या अंगावर येत नव्हता. आम्ही नव्या रायपुरात राहायला आल्यापासून तो मला इथे दिसतो. इथले रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला मारलेली हाक त्याला संध्याकाळी पोचते. उन्हाळ्यात दुपारी त्या रस्त्यावर पाणी हलायला लागतं. बस येते तीही त्या पाण्यातून, चाकं न दिसता, तरंगत. मी गॅलरीत बसते, डोळे अर्धे मिटते, आणि त्या पाण्याच्या काठावर पांढरे खांब उभे राहतात. वारा आला की मिठाचा वास येतो. शेजारीण म्हणते तो पापडांचा आहे. म्हणू दे.

या खेपेची गोष्ट मात्र वेगळी होती. जाणारी माझी नणंद होती, आणि नेणारी तिची लेक. नवरा गेल्यावर नणंदेने या एका पोरीला गुढियारीतल्या दोन खोल्यांत, मालगाड्यांच्या खडखडाटात वाढवलं. पोट्टी बंगळुरूला नोकरीला लागली आणि आता कॅनडाला निघाली होती. जाण्याआधी मिळालेली सगळी सुट्टी तिने आईसाठी ठेवली होती. तुर्कस्तानची तिकिटं काढली, व्हिसा झाला. आणि एक दिवस तिचा मला फोन आला. मराठी तिला सगळं समजतं, पण बोलायला लागली की गाडी हिंदीच्या रुळावर जाते.

“मामी, आई फोनवर हो म्हणते, पण मुझे पता है, आखिरी दिन मना कर देगी. आप समझाओ ना. कनाडा जाने के बाद छुट्टी कब मिलेगी, पता नहीं. एक बार उसके साथ समंदर में खड़ा होना है, बस.”

मी म्हटलं, तू झोप निवांत. तुझी मामी मेलेल्या माणसालाही सहलीला तयार करते.

म्हणून त्या दिवशी नणंदेला कुरडयांच्या निमित्ताने बोलावून घेतलं होतं आणि मी माझा सगळा दारूगोळा बाहेर काढला होता. समुद्र सांगितला. इतका निळा सांगितला की त्यात हात बुडवला तर कोपरापर्यंत रंग चढतो आणि आठवडाभर जात नाही. मासे सांगितले, ते पायाशी येऊन चौकशी करतात. आणि मग मी त्या जुन्या नाट्यगृहावर आले. डोंगर कोरून केलेलं, वरून उघडं, गोल.

“आणि पायऱ्या!” मी पातेल्यात उलथणं आपटलं. “अगं, वर बघितलं की मान मोडते. अर्ध्यावर ढग लागतात. वरच्या ओळीत बसलेल्या माणसाला खालचं नाटक पुढच्या वर्षी दिसतं. तिथून समुद्र पाहिला नाही तर तुर्कस्तान पाहिलंच नाही म्हण!”

मला वाटलं, आता ती म्हणेल, ‘बाप्पा!’ पण ती सोऱ्या फिरवत राहिली. कुरडई गोल गोल पडत गेली, एकीवर दुसरी चढली, तरी तिचं लक्ष नव्हतं.

“वहिनी,” ती शेवटी म्हणाली, “मी नाही जात.”

“काहून?”

“माझे गुडघे तुम्हाले माहीत आहेत. तुमच्या जिन्यानेच मले दोनदा बसवलं आज. त्या पोट्टीची एवढी एकच सुट्टी. ती वर जाईल का माझा हात धरून खाली उभी राहील? मले माहीत आहे ना तिचा स्वभाव. ती काही पाहणार नाही. मले पाहत बसेल.” तिने सोऱ्या खाली ठेवला. “तिले म्हणा, मैत्रिणीले घेऊन जा.”

इतकी वर्षं बोलते आहे, पण माझ्या तोंडून निघालेल्या पायऱ्या कुणाच्या गुडघ्यांवर जाऊन पडल्या, असं पहिल्यांदाच झालं.

मग मी त्या पायऱ्या खाली आणायला लागले.

“अगं, ढग म्हणजे काय, ते थोडे खालीच असतात तिकडे. आपल्या या टाकीएवढं उंच समज.”

“टाकी काही कमी उंच नाही.”

“बरं, टाकी नाही. स्टेशनवरचा पूल.”

“पुलावर मी मागच्या दिवाळीले चढली होती. मधातच बसली.”

“मग बुढ्ढा तलावाचा घाट! तोही नाही, त्याच्या अर्धा!”

“वहिनी,” ती हसली, पण डोळ्यांत नाही. “बाजारात भाजीवाली करते तसं करून राहिल्या तुम्ही. मले आता एकही पायरी खरी वाटत नाही.” आणि तिने टाकीकडे तोंड वळवलं. “दादा, तू सांग. तुम्ही चढले होते ना वर?”

हे पेपर खाली करतात तेव्हा काहीतरी होणार, हे मला लग्नापासून माहीत आहे.

“कुठले चढतो,” हे म्हणाले. “तुझी वहिनी खालच्या दगडावर बसली ते उठलीच नाही. मी झोपलो होतो.”

मी यांच्याकडे असं पाहिलं की पेपरला आग लागायला हवी होती. लागली नाही. नणंद माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी सैल झालं होतं.

“मग दिवसभर काय केलं तुम्ही?”

काय केलं? आता सांगणं भाग होतं, आणि सांगायला काहीच नव्हतं. तरी सांगितलं. ऊन कललं होतं. दगड कोमट होता, नुकतंच कुणी अंथरुणातून उठून गेल्यासारखा. हे डोक्याखाली पिशवी घेऊन आडवे झाले. एक पिवळी मांजर कुठून तरी आली, माझ्या पदरावर बसली आणि तिनेही डोळे मिटले. दगडांच्या फटीतून लाल फुलं उगवली होती, इतकी पातळ की मागचं ऊन दिसत होतं. वर कुणीतरी बाई आपल्या माणसाशी हळू बोलत होती आणि तिचा एकेक शब्द माझ्या कानाशी येऊन पडत होता, भाषा कळत नव्हती, पण भांडण नव्हतं एवढं कळत होतं. कमानीतून समुद्राचा एवढासा तुकडा दिसत होता. तो आत यायचा, बाहेर जायचा, आत यायचा. मी किती वेळ बसले मला माहीत नाही. मला वाटलं, हे बांधलं तेव्हाही कुण्या बाईचे गुडघे दुखत असतील, तीही इथेच बसली असेल, तिच्याही पदरावर याच मांजरीची कुणी पणजी बसली असेल. नाटक संपलं, राजे गेले, देव गेले, आणि ती बाई अजून उठलेली नाही.

“आणि गाइड म्हणाला,” मी म्हटलं, “खालच्या ओळी मोठ्या मानकऱ्यांच्या. वर पाठवायचे ते साध्या लोकांना.”

“हे खरं?”

“हे खरं.”

तिने टाकीकडे पाहिलं.

“हव,” हे म्हणाले. या वेळी हो असंच होतं.

खाली रस्त्यावर पाणी हलायला लागलं होतं. नणंदेने सोऱ्या उचलला, आतला चीक बोटाने चाचपला आणि माझ्यावर खेकसली, “थंडा झाला ना हा! दुसरा आणा!”

ती लेकीबरोबर तुर्कस्तानला गेली. मी जवसाची चटणी दिली, ठेठरी दिली, गुडघ्यांचे पट्टे दिले, आणि उत्साहाच्या भरात तिथल्या मांजरींना मराठी समजतं असंही सांगून ठेवलं. विमान उडाल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पोट्टी वर चढली असेल आणि ही खाली एकटी रडत बसली असेल, अशी चित्रं दिसायची. डुलकी लागली की मीच त्या नाट्यगृहात असायचे, आणि पायऱ्या माझ्यासमोर भराभरा उगवत वर जायच्या, थांबा म्हटलं तरी थांबायच्या नाहीत.

एका दुपारी फोन लागला. पलीकडून वारा ऐकू येत होता आणि वाऱ्यामागे तो, आत येणारा, बाहेर जाणारा. मी गॅलरीत उभीच राहिले.

“अगं, कशी आहेस? नाट्यगृह पाहिलं का? खाली बसलीस ना? मांजर आली होती? आणि समुद्र? समुद्र कसा आहे ते सांग आधी! निळा आहे का मी म्हटलं तसा?”

“आहे,” ती म्हणाली. “ठेवा आता फोन. पोट्टी पाण्यातून बोलावून राहिली.”