फोटोत कोण नाही

“ए, तू फोटोत नको. सगळ्यांच्या चपला राख.”

चौथीच्या वर्गाचा फोटो होता. आईनं तालुक्याहून लाल रिबिनी आणून वेण्या घातल्या होत्या. मी पहिल्या रांगेत बसले, तर गुरुजींनी सगळ्यांदेखत उठवलं. का, ते विचारायची गरज नव्हती. वर्गात महारवाड्यातली मी एकटीच. निमूट गेले नि चपलांच्या ढिगाशी बसले. कुत्री हाकलायला काठी दिली होती. फोटोवाला “हसा” म्हणाला, तेव्हा मीही हसले. मूर्ख मेली!

आता मी नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात चिप डिझाइन करते. शनिवारी सकाळी इथल्या एका छोट्या संग्रहालयात जुन्या फोटोंच्या नोंदी करायला जाते. जर्मनीची हद्द इथून सायकलवर गाठता येते, त्यामुळे तिकडचेही फोटो येतात. सत्तरीची मार्या मला काम शिकवते. तिचा नियम एकच. कोण आहे ते नंतर लिही, कोण नाही ते आधी शोध.

गेल्या शनिवारी नाझी काळातल्या एका जर्मन शाळेचे दोन फोटो आले. मुलींचा वर्ग. पहिल्यात बाकाच्या टोकाला एक मुलगी, तिच्या नि शेजारणीच्या मध्ये हातभर जागा. बाकीच्या खांद्याला खांदा लावून. दुसऱ्यात त्याच मुली, तोच बाक. टोकाची तेवढी नाही.

नोंदी करणाऱ्या बाकीच्यांपैकी कुणी म्हणालं, आजारी असेल. कुणी म्हणालं, खोडकर असेल.

“शेजारणीचे डोळे बघा,” मी म्हणाले. “ती कॅमेऱ्याकडे नाही, मास्तरांकडे बघतेय. अंतर पुरेसं आहे ना, ते विचारतेय.”

मार्यानं फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीनं नावं होती. त्यातलं एक ज्यू नाव खोडलेलं.

“तुला कसं कळलं?”

सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्या पोरीचं पुढे काय झालं असेल, त्याच्याशी माझी बरोबरी नाही. पण ती हातभर जागा मी ओळखते.

मार्या एवढंच म्हणाली, “मग तुझ्या फोटोची नोंद कोण करणार?”

गावाकडे त्याच गुरुजींच्या सत्काराची स्मरणिका निघतेय, त्यात तो फोटो छापणार आहेत. आणि त्याच्याखाली परदेशातली विद्यार्थिनी म्हणून माझा लेख. ‘गुरुजींच्या चरणी नतमस्तक.’ मीच लिहून पाठवलाय, या हातांनी! थू!

घरी येऊन स्मरणिकेसाठी आलेला चौथीचा फोटो मोबाईलवर मोठा केला. डाव्या कोपऱ्यात चपला. काठीचं टोक.

स्मरणिका काढणाऱ्या शिरीषला, माझ्या वर्गमित्राला, फोन लावला. “लेख रद्द. फोटोखाली एवढंच छाप: फोटोत नसलेली विद्यार्थिनी चपला राखत होती, गुरुजींच्या हुकमावरून. खाली माझं पूर्ण नाव.”

“अगं, जाऊ दे ना. म्हातारा माणूस. आता कशाला उकरून काढतेस?”

“तुझी चप्पल कुठली होती तेही सांगू का?”

त्यानं फोन ठेवला. छापणार नाही तो, माहितेय मला.

मी तिकीट काढलंय. सत्कार मारुतीच्या सभामंडपात आहे. वेण्यांना लाल रिबिनी बांधून, काठी घेऊन दारात बसणार. आत जायचं तर गुरुजींना चप्पल माझ्यासमोर काढावी लागेल. मला माफी नको. खाली बघून त्यांनी माझं नाव घ्यायचं, मगच आत जायचं.